कोरडं कातडं

आमच्या सासरी 'ढिला' ही शिवी होती. आईबहिणीवरून दिलेल्या शिव्या सासरे येताजाता देत आणि त्या कुणी मनावर घेत नसे. 'ढिल्या' म्हटलं की मात्र समोरच्याची मान खाली जायची. मावळात हा शब्द उगाच इतका कडू झालेला नाही. मृग लागायच्या आत तिथे सगळं आवळून बांधायचं असतं, गोठ्याचं छप्पर, पेंढ्याची गंज, पाऊस अडवायला ओसरीला लावायची झड. जे सैल राहील ते कुरवंड्याच्या घाटाकडून येणारा वारा एका दिवसात घेऊन जातो. सासरे तेवढ्यावर थांबले नव्हते. ते बाराही महिने सगळंच आवळायचे, गाडीचं जू, पोरांची मानगूट, आणि पुढे गिरणी.

मी इंदुरीची. किल्ल्याच्या खाली, नदीकाठी आमचा मळा होता. तळेगावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, म्हणून हे लिहिता येतं आहे. मळवली स्टेशनापासून भाजे गावाकडे जाणाऱ्या वाटेवर सासऱ्यांची भाताची गिरणी होती, तिथे मला दिलं. सासू माझ्या लग्नाआधीच गेली होती. घरात सासरे, माझे यजमान, धाकटे दीर आणि मी, एवढीच माणसं. ही सगळी दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट आहे.

सासऱ्यांचा हात लगेच सुटायचा. चूक दिसली की मार, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. हातात असेल ते वापरायचे, पट्ट्याचा तुकडा, पाना, एकदा तर भरलेलं माप. यजमान दहा गावच्या गिऱ्हाइकांसमोर मार खायचे आणि तोंडातून शब्द काढायचे नाहीत. लोक म्हणत, पोरगा गुणी आहे, बापाला उलटून बोलत नाही. गुणी कसला. त्यांचा हात उशिरा सुटायचा, एवढाच फरक. सकाळी गिरणीत त्यांच्या पाठीत जे बसे ते दिवेलागणीला माझ्या पाठीत उतरे. ओसरीवर चपला काढल्याचा आवाज ऐकून मी सांगू शकत असे की आज गिरणीत काय झालं. चपला हळू काढल्या की मी तव्यावरची भाकरी उतरवून ठेवायची, कारण नंतर ती करपायची. मला त्यांचा राग यायचा, फार यायचा. सासऱ्यांच्या रागापेक्षा जास्त, कारण सासरे निदान ज्याच्यावर चिडायचे त्यालाच मारायचे.

आता पंख्याचं सांगते. भात भरडल्यावर तूस उडवायला गिरणीत एक मोठा पंखा होता. चार लाकडी हात, प्रत्येकाच्या टोकाला पत्र्याचं पातं, आणि हे सगळं एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या लोखंडी दांड्याच्या टोकाला घट्ट ठोकलेलं. उभा राहिला तर माणसाहून उंच. एंजिन तेलाचं, एका नळकांड्याचं. ते सारखं ओढत नसे. एक दणका देई, दम खाई, मग दुसरा दणका. त्या दणक्याने पट्टा थरथरे, दांडा थरथरे आणि पंख्याची पाती मुळाशी कुरकुरत. पंखा सुरू करायला पट्टा चढवायची एक सुटी काठी होती, आणि ती घेऊन उभं राहायची जागा नेमकी पात्यांच्या रेषेत होती. तिथे यजमान उभे राहत.

पहिलं पातं मोडलं ते ऐन सुगीत. कारवीच्या कुडातून ते आरपार गेलं आणि बाहेर भाज्याच्या एका शेतकऱ्याच्या गाडीला जुंपलेल्या बैलाच्या मानेत बसलं. बैल गुडघ्यावर बसला आणि बसल्या जागीच गेला. रक्त गाडीच्या चाकाखालून वाटेपर्यंत आलं होतं. शेतकऱ्याने सासऱ्यांची गचांडी धरली. सासऱ्यांनी त्याचा हात झटकला, यजमानांना ओढून पुढे आणलं आणि त्याच्यासमोर पट्ट्याने झोडपायला सुरुवात केली, जणू तीच बैलाची भरपाई. ह्याने मूळ ढिलं ठेवलं, ह्या ढिल्याने, असं ओरडत होते. शेवटी तो शेतकरीच मध्ये पडला. माझा बैल गेला तो गेला, पोरगं कशाला मारता आबा, असं म्हणून त्याने आमच्या गोठ्यातला पांढरा बैल सोडून नेला, आणि त्याला कुणी अडवलं नाही.

त्या संध्याकाळी चपला फार हळू निघाल्या.

सासऱ्यांनी मग पंखा आवळला. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव असते ना, ती कापून, लाल करून चारी हातांच्या मुळाशी चढवली आणि पाणी ओतून आवळली. आता हलून दाखव म्हणावं, असं त्या पंख्याकडे बघून म्हणाले. पंखा महिनाभरही टिकला नाही. दुसरं पातं धावेच्या अगदी कडेला मोडलं आणि दिरांचा डावा कान घेऊन गेलं. कान तुसात सापडला. दीर गालावर फडकं दाबून बसले होते, रक्त कोपरावरून गळत होतं, आणि सासरे त्यांनाच विचारत होते की तू तिथं मरायला उभा का राहिलास.

त्या दिवशी मला खरी भीती वाटली. यजमान उभे राहत ती जागा दिरांच्या जागेपासून दोन हातांवर होती. पुढचं पातं कुठे जाणार हे कळायला शाळेत जावं लागत नाही. मला मारणारा नवरा होता तो, तरी मला तो मेलेला नको होता. आणि खरं सांगायचं तर त्याच्यामागे त्या घरात सासऱ्यांच्या हाताखाली एकटं राहायची माझी छाती नव्हती.

माझा मामा लोणावळ्याला रेल्वेच्या एंजिनांच्या शेडमध्ये फिटर होता. घाटात गाडीला मागून ढकलणारी एंजिनं तो दुरुस्त करी. माणूस तिरसट, दारूचा शौकीन, आणि माझ्या लग्नात त्याला दुसऱ्या पंगतीला बसवल्यापासून माझ्या सासऱ्यांवर खार खाऊन होता. डब्यांच्या टकरीत त्याची दोन बोटं गेली होती. मी दिरांच्या कानाचं निमित्त करून निरोप धाडला. मामा आला तो कानाकडे न बघता थेट गिरणीत गेला, आणि बराच वेळ त्या मोडक्या मुळाशी बसून राहिला. मग सासऱ्यांना म्हणाला, पाव्हणं, हात द्या जरा. सासऱ्यांनी हात पुढे केला. मामाने मनगट धरून असा काही हिसडा दिला की सासरे दांड्यावर जाऊन आदळता आदळता राहिले.

"खांद्यात बसला ना?" मामा म्हणाला. "आता कोपर ढिलं सोडा, परत देतो."

सासऱ्यांनी कोपर ढिलं सोडलं नाही. ते जळफळत बाजूला उभे राहिले. मामाने मग यजमानांचा हात धरला आणि त्यांना कोपर सैल ठेवायला लावून तसाच हिसडा दिला. हात नुसता मागेपुढे झुलला. खांदा जागचा हलला नाही.

मामाचं म्हणणं साधं होतं. एंजिन दणका देतं तेव्हा दांडा पुढे पळतो, पण पातं जड असतं, त्याला मागे राहायचं असतं. त्यात वर जाताना ते ओढून धरतं आणि खाली येताना पुढे धावतं. त्याला मागेपुढे होऊ दिलं नाही तर तो सगळा जोर मुळात साठतो, आणि एक दिवस मूळ तुटतं. तेव्हा मुळाशी खिळा घालून सांधा करायचा, पातं थोडं झुलू द्यायचं. पण नुसतं झुलू दिलं तर ते दारासारखं आपटत राहील. म्हणून सांध्यात कोरड्या कातड्याच्या चकत्या घालून त्या दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये दाबायच्या. पातं झुलेल, पण घासत घासत, नाइलाजाने, उशिरा. मामाने हे सांगताना 'ढिलं' हा शब्द इतक्या वेळा वापरला की तो मुद्दाम वापरत होता ह्यात मला शंका नाही. प्रत्येक वेळी तो सासऱ्यांकडे बघत होता.

कातडं मी माहेरून आणलं. आमच्या मळ्यातली फाटलेली मोट वळचणीला टांगलेली होती, तिचं कातडं दांडगं होतं. मामाने चकत्या कापल्या, सांधे बसवले, पंखा सुरू केला. मी दारात उभी होते. पाती सुरुवातीला जरा डगमगली, मग आपापल्या जागा धरून फिरू लागली. कुरकुर बंद झाली. सगळं भात संपल्यावर मामाने पंखा थांबवला आणि मला आत बोलावून सांध्याला हात लावायला सांगितलं. सांधा नुकत्या उतरलेल्या भाकरीसारखा गरम होता.

"दणका मरत न्हाई, पोरी," तो म्हणाला. "त्याला उशीर करायचा अन् त्याची ऊब करून टाकायची. ह्याला त्याल लावू नका मात्र. त्याल लागलं की कातडं घासायचं सोडतंय, मग तुमचं तुमी बघा."

मी त्या गरम लोखंडावर हात ठेवून उभी राहिले आणि मला रडू आलं. दणका मरत नाही हे मला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. उशिरा येतो हेही माहीत होतं. त्याची ऊब करता येते हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

उरलेली सुगी नीट गेली. गिऱ्हाइकांनी पंख्याची चौकशी केली की सासरे तोंड फिरवत. भाज्यातली माणसं थट्टेने आमच्या गिरणीला ढिली गिरणी म्हणू लागली. त्या प्रत्येक थट्टेचे वळ यजमानांच्या पाठीवर उठत आणि तिथून माझ्या. पावसाळ्यात गिरणी बंद राहिली.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. गिरणीत एंजिनापुढे बोकड पडला, त्याच्या रक्ताचा टिळा एंजिनाला लागला, झेंडूच्या माळा चढल्या. आणि रिवाजाप्रमाणे घरच्या कर्त्या पुरुषाने हातात तेलाचं भांडं घेऊन प्रत्येक सांध्याला तेल दिलं. वर्षभर राबलेल्या लोखंडाला सणाचं तेल, प्रत्येक सांध्याला, एकही न वगळता. मी पूजेचं ताट धरून मागे उभी होते. सासरे दांड्यापाशी गेले, मग पंख्यापाशी. यजमान खालच्या आवाजात म्हणाले की आबा, त्याला तेल चालत नाही.

"सणाला कुणी उपाशी ऱ्हात न्हाई," सासरे म्हणाले, आणि चारी सांध्यांत तेलाची धार सोडली. कातड्यावर तेल क्षणभर चमकलं आणि आत गेलं. त्यांनी ते डूख धरून केलं की भक्तीने, हे मी आजही सांगू शकत नाही. त्या माणसात दोन्ही एकाच हाताने चालायचं.

दसऱ्याच्या सकाळी मी पंख्यापाशी जाऊन चुलीतली राख चकत्यांच्या कडांना चोळून पाहिली. राख काळी, चिकट होऊन बोटांना आली. कातडं तेल ओकतच होतं. यजमानांना सांगितलं, ते म्हणाले, बघू. लवकर पिकणारं हळवं भात घेऊन माणसं जमू लागली होती. एंजिन सुरू झालं. यजमान काठीपाशी जाऊन उभे राहिले, नेहमीच्या जागी, पात्यांच्या रेषेत. सासरे नारळ घेऊन पुढे झाले.

आमच्यात सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. मी त्या घरात आल्यापासून त्यांच्याशी थेट एक वाक्य बोलले नव्हते. मी पदर सावरला, गिऱ्हाइकांमधून वाट काढून आत गेले आणि म्हणाले, "मामंजी, पंखा लावू नका. कातडं तेल प्यालंय."

त्यांनी उलट्या हाताने माझ्या तोंडावर मारलं. सणाची नथ माझ्या नाकात होती. त्यांच्या बोटातली अंगठी नथीत अडकली आणि नाकपुडी फाटून नथ त्यांच्या हाताबरोबर गेली. तोंड रक्ताने भरलं. मी खाली बसले. सासरे माझ्याकडे न बघता यजमानांना म्हणाले, लाव. आणि माझ्या नवऱ्याने पट्टा चढवला.

हे मी यजमानांना कधी माफ केलेलं नाही.

पंखा पहिले काही फेरे गुळगुळीत फिरला. मग एक पातं मागे राहिलं, दुसरं पुढे सरकलं, आणि सगळा पंखा एका अंगाला पडल्यासारखा झाला. दांडा ज्या खांबांवर होता ते खांब डोलू लागले. खांब डोलला की पाती आणखी झुकत, पाती झुकली की खांब आणखी डोले. छपरावरची कौलं घसरून खाली फुटू लागली. पत्रा असा किंचाळत होता की माणसं पोती टाकून बाहेर पळाली. यजमानांनी काठी ओढून पट्टा उतरवला, पण पंखा काही लगेच थांबणारा नव्हता. ते काठी हातात घेऊनच मागे वळले, पळायला. सासऱ्यांनी त्यांची मानगूट धरली आणि त्यांना परत पात्यांच्या रेषेत ढकलू लागले. "जाग्यावर उभा ऱ्हा, ढिल्या," ते म्हणत होते. "पट्टा चढीव."

यजमानांनी ती काठी दोन्ही हातांनी उचलली आणि बापाच्या जबड्यावर घातली.

तो आवाज मला पंख्याच्या आवाजातूनही ऐकू आला. तो एका दिवसाचा फटका नव्हता. लहानपणापासून जे जे खाल्लं ते सगळं त्यात होतं, बैलाच्या दिवशीचं, कानाच्या दिवशीचं. सासरे दाराशी कोसळले. यजमान त्यांच्यावरच पडले, कारण काठीबरोबर तेही फिरले होते. तेवढ्यात पाती एकमेकांवर आदळली. चारही एकदम सुटली. एक छपरातून वर गेलं, एक कुडातून बाहेर, एक पोत्यांत घुसून पोत्यातलं भात ओतत राहिलं. चौथं काठीच्या जागेच्या मागच्या खांबात, माणसाच्या छातीच्या उंचीवर, निम्मं रुतून बसलं. खांब थरथरत होता. एंजिन कुणी बंद केलं ते मी पाहिलं नाही.

मेलं कुणीच नाही. सासऱ्यांचा जबडा तुटला होता. तळेगावहून हाडं बसवणारा आणला, त्याने फडक्याने डोक्याभोवती जबडा बांधला, पण तो वाकडाच धरला. त्यांना पुढे भाकरी कधी चावता आली नाही. मी त्यांना मऊ भात करून वाढत असे, आणि ते तो गिळत. माझ्या नाकाला हळद भरली, नाकपुडी दोन फाकांत राहिली. नथ मी पुन्हा घातली नाही, घालायला जागाच नव्हती.

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी होते. नाक ठणकत होतं. ओसरीवर चपला काढल्याचा आवाज आला, हळू, फार हळू. घराच्या रीतीप्रमाणे आता माझी पाळी होती. सकाळचा दणका केवढा होता हे मला माहीत होतं. मी जळतं लाकूड चुलीतून ओढलं आणि हातात धरून बसले. आज मी खाणार नव्हते.

यजमान आत आले आणि माझ्यासमोर बसले. उजवा हात पुढे केला. तो मनगटापासून बोटांपर्यंत सुजला होता. हळद लाव, असं ते म्हणाले. मी लाकूड खाली ठेवलं नाही. दुसऱ्या हाताने त्यांचा हात धरला. तो कढत होता.

"हा हात माझ्यावर परत उठला, तर मी तोडीन," मी म्हणाले. "झोपेत असाल तरी."

त्यांनी लाकडाकडे पाहिलं, माझ्या नाकाकडे पाहिलं, आणि मान डोलावली. मग मी हळद लावली. ते रडत होते, आणि मला त्यांची दया आली नाही. ती पुष्कळ पुढे आली. हात मात्र परत उठला नाही.

मामाने पुन्हा येऊन सांधे बसवले, मी नवं कातडं आणलं. वर्ष गेलं, पुन्हा खंडेनवमी आली. बोकड पडला, माळा चढल्या. सासरे वाकड्या जबड्याने, तेलाचं भांडं घेऊन निघाले. घरचे कर्ते अजून तेच होते आणि सणाचा मान त्यांचाच होता. मी पूजेचं ताट दिरांच्या हातात दिलं आणि पट्टा चढवायची ती काठी उचलून पंख्याशेजारी जाऊन उभी राहिले. डोक्यावरचा पदर मी त्या दिवशी घेतला नव्हता.

सासरे एकेक सांधा करत पंख्यापाशी आले. भांडं तिरकं केलं. तेल भांड्याच्या काठापर्यंत आलं. त्यांनी माझ्या फाटक्या नाकाकडे पाहिलं, मग काठीकडे. भांडं सरळ केलं.

"ह्यो ऱ्हाऊ दे उपाशी," ते म्हणाले. जबड्यामुळे शब्द फुटत नव्हते, पण मला कळले.

ते पंखा सोडून पुढच्या सांध्याकडे गेले. सगळ्या गिरणीला तेल देऊन होईपर्यंत मी काठी हातातून सोडली नाही.